एकवीस दिवसांची धार

ज्या कामात हात गुंतलेले असतात आणि तोंड रिकामं असतं, त्या कामात किस्से फार साचतात. शिंप्याच्या तोंडात सुया असतात, म्हणून त्याच्याकडे कमी. हॉटेलवाल्याला गिऱ्हाईक बोलू देत नाही. आम्ही मात्र संत्र्याची कलमं बांधतो. सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत, ओळीत खाली बसून, एकमेकांच्या कानाशी. आमच्याकडे नाही साचणार तर कोणाकडे? परवा माझी बहीण म्हणाली, "सुनंदा, हे सारं लिहून ठेव एकदा. मंग आमाले तेच तेच ऐकाव नाई लागन." सख्खी बहीण आहे म्हणून ऐकून घेतलं!

आमची नर्सरी सौंसरहून रामाकोन्याकडे जाताना लागते. जुने लोक तिला अजून पन्हेरीच म्हणतात. काम सांगायला सोपं आहे. जंबेरीचा, म्हणजे रानलिंबाचा, पेन्सिलीएवढा जाड खुंट असतो. त्याच्या सालीला चीर पाडायची. संत्र्याच्या काडीवरचा एक डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, सालीसकट अलगद काढायचा आणि त्या चिरेत बसवायचा. वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. एकवीस दिवसांनी पट्टी सोडून पाहायचं. डोळा हिरवा असला तर कलम लागलं, काळा पडला तर गेलं. कापणारा एक आणि बांधणारी एक, अशी जोडी असते. नामदेवमामा कापतात, मी बांधते. अठरा वर्षं झाली.

लोकांना वाटतं कलम लागणं ही हाताची जादू आहे. आहे, पण अर्धी. उरलेली अर्धी चाकूच्या धारेची. बोथट चाकूनं साल फाटते आणि फाटलेली साल जुळत नाही. म्हणूनच मागच्या हिवाळ्यात आम्ही चाकूला धार लावायची बिजलीवरची मशीन घ्यायला निघालो. मशीन एक घ्यायची होती. किस्से किती झाले ते बघा.

*

आधी आमचा एक नियम सांगते. चष्मा आणि चाकू दुसऱ्याचा वापरायचा नाही, आणि आपला कोणाला द्यायचा नाही. ज्याचा त्यानं पाजवायचा, म्हणजे धारेच्या दगडावर घासून तयार करायचा. नामदेवमामांचा चाकू तर मी अठरा वर्षांत एकदाही हातात धरलेला नाही. पडला तरी मी उचलत नाही. "मामा, पडला," एवढंच म्हणते.

तीन वर्षांपूर्वी नर्सरीत नवीन शेड झालं. आमचे मालक विजूभाऊ हौशी माणूस. त्यांनी उद्घाटनाला छिंदवाड्याहून पाहुणे बोलावले. हार आले, पेढे आले, लाल रिबीन बांधली. पाहुणे हात पुढे करून उभे, आणि कात्री कोणी आणलीच नव्हती! विजूभाऊंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि क्रेटवर ठेवलेला मामांचा चाकू उचलून पाहुण्यांच्या हातात दिला.

चाकू नुसता टेकवल्यावर रिबीन तुटली. पाहुणे भाषणात म्हणाले, "इतना तेज चाकू मैंने आज तक नहीं देखा."

मामा मागून म्हणाले, "आता पाहूही नोका."

त्यानंतर आठ दिवस मामा विजूभाऊंशी बोलले नाहीत. विजूभाऊ समोर उभे असायचे आणि मामा मला सांगायचे, "सुनंदा, मालकाले सांग, वाफ्यात पानी सोडा." विजूभाऊ मला म्हणायचे, "सुनंदाबाई, त्याइले सांगा, सोडलं." दोघांमध्ये अंतर हातभर. मी आपली एकदा या बाजूला मान वळवायची, एकदा त्या बाजूला. नवव्या दिवशी माझीच मान धरली, तेव्हा कुठे दोघं थेट बोलायला लागले!

*

आता या गोष्टीत जे दुखणं आहे, ते सांगते. दिवाळीआधी मामा सायकलवरून पडले. उजवं मनगट मोडलं.

मामांनी सगळ्यांना सांगितलं, "बोरगावच्या रस्त्यानं येऊन राहिलो होतो, बकरी आडवी आली."

दहा-बारा दिवसांनी ज्यांची बकरी होती त्या काकू बाजारात भेटल्या. मी म्हटलं, "काकू, बकरी बांधून ठेवत जा नं व."

काकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "माय, माही बकरी बांधूनच होती! तुमचे मामा दुसऱ्याच्या बगीच्याकडं पाह्यत 'काय छाटनी केली बे याइनं' म्हनत आले, आनं बकरीवर चढले. आडवी बकरी नाई आली, आडवे हे आले!"

मी हे मामांना सांगितलं नाही. नर्सरीत मात्र सगळ्यांना सांगितलं.

*

प्लास्टर निघालं. मनगट वळत होतं, जेवता येत होतं, डोळाही काढता येत होता. पण दगडावर चाकू दाबून अर्धा अर्धा तास घासायचा, ते काही जमेना. दोन मिनिटांत हात थरथरायचा. आणि हंगाम तोंडावर आलेला.

पहिल्या दिवशी मामा आले, उलट्या क्रेटवर बसले आणि म्हणाले, "या साली मी कापत नाई. ज्याले सोताचा चाकू पाजवता येत नाई, त्यानं तो ठेवून द्यावा."

आमच्यातला दुसरा कापणारा भाऊराव मनानं चांगला आहे, पण बोलण्यात घाईचा. तो म्हणाला, "मामा, मी पाजवून देतो नं! काय मोठी गोष्ट हाये?"

मामांनी त्याच्याकडे पाहिलं. "तुह्या धारेनं दही कापत नाई, भाऊराव."

विजूभाऊंनी मला बाजूला बोलावलं. दक्षिणेकडचे सातशे खुंट दर वर्षी मामांचे असतात. ते तसेच ठेवले तर हंगाम निघून जाणार. ते म्हणाले, "मी मशीन आनतो. मामा तिच्यावर सोताच्या हातानं पाजवतीन, त हे सातशे त्याइचेच. नाईच म्हनले, त मले पांढुर्न्याचा कारागीर बोलवा लागन. त्याची बांधनारी त्याच्यासंगच येते."

म्हणजे मी काय करणार? पिशव्यांत माती भरणार. मातीचं मला काही नाही, माती भरतच मोठी झाले. पण अठरा वर्षं ज्या हातामागे आपला हात चालला, त्या हाताची जागा रिकामी पाहायची आणि तिथे दुसरी जोडी बसलेली पाहायची, हे मला सोसणार नव्हतं. मी मामांना विचारलं, "मशीन आली त पाजवान का?"

मामा म्हणाले, "माह्या चाकूले मशीन लागली, त तो चाकू माहा नाई."

अशा माणसासाठी आम्ही मशीन शोधत होतो!

*

पहिली मशीन आली ती पांढुर्ण्याहून. विजूभाऊंच्या साळ्याचं तिथे वेल्डिंगचं दुकान आहे. त्यानं आपलं जुनं ग्राइंडर दिलं, ज्याच्यावर तो लोखंडी गेटं घासायचा. दोन बाजूंना दोन चाकं, मध्ये मोटर. चालू केलं की शेडचे पत्रे थरथरायचे.

भाऊरावानं सगळ्यात आधी आपला चाकू लावला. ठिणग्या अशा उडाल्या की दिवाळी परत आल्यासारखं वाटलं. आम्ही बायका दोन पावलं मागे सरकलो. भाऊरावानं चाकू वर धरून दाखवला. पात्याचं टोक निळं झालं होतं, मोराच्या मानेसारखं.

"पाहा, पाहा! कलर आला!" भाऊराव म्हणाला.

मामांनी मागे वळूनही पाहिलं नाही. नुसता वास घेतला आणि म्हणाले, "पोलाद जळलं."

तसंच होतं. चाक इतकं गरम झालं की पात्याचा कडकपणाच गेला. भाऊरावानं दहा डोळे काढले आणि अकराव्याला धार मुडपली. त्यानं परत लावला, परत दहा निघाले. असं दिवसभर चाललं. सकाळी वीतभर असलेला चाकू संध्याकाळी करंगळीएवढा राहिला. आता तो भाऊरावाच्या घरी डब्याची झाकणं उघडायला असतो. झाकणं चांगली उघडतो म्हणे!

*

दुसरी मशीन विजूभाऊंनी मोबाइलवरून मागवली. चार दिवसांत खोका आला. आत पांढरी, गुळगुळीत, मिक्सरच्या धाकट्या बहिणीसारखी मशीन. वरून दोन फटी. फटीत चाकू घालायचा आणि ओढायचा, एवढंच काम. आवाजही कमी. विजूभाऊ खूश झाले. म्हणाले, "हे त मामाही एका हातानं करतीन!"

घोळ असा होता की ती मशीन चाकूला दोन्ही बाजूंनी घासायची. घरच्या चाकूला ते चालतं. कलमाचा चाकू मात्र एका बाजूनं सपाट असतो, उतार फक्त दुसऱ्या बाजूला. तरच डोळा खालून सपाट निघतो आणि खुंटाला चिकटून बसतो. या मशीनवर पाजवलेल्या चाकूनं डोळा खालून फुगीर निघाला. चिरेत बसवला की लंगड्या पाटासारखा डुगडुगायचा. मी पट्टी बांधू तरी कशाला!

विजूभाऊंनी कंपनीच्या नंबरवर फोन लावला. स्पीकर चालू केला, आम्ही सगळे भोवती. तिकडून एक गोड आवाजाची मुलगी बोलली.

"सर, आप इस चाकू से क्या काटते हैं? सब्ज़ी, फल या मीट?"

विजूभाऊंनी थोडा विचार केला. "झाड," ते म्हणाले.

ती मग म्हणाली, "सर, झाड़ के लिए कुल्हाड़ी लीजिए."

ती मशीन वहिनींनी, म्हणजे विजूभाऊंच्या बायकोनं, स्वयंपाकघरात नेली. तेव्हापासून त्यांच्या घरच्या भाजीत कांदा दिसत नाही, नुसती चव लागते. विजूभाऊंनी एकदा तक्रार केली, तर वहिनी म्हणाल्या, "तुम्ही झाडं कापा. कांदा माह्यावर सोडा."

*

तिसरी मशीन स्वतःच्या पायांनी आली, म्हणजे एक माणूस ती नागपूरहून घेऊन आला. पांढरा शर्ट, चकचकीत बूट. वाफ्यातून शेडपर्यंत येईस्तोवर बुटांचा रंग आमच्या जमिनीसारखा झाला. बिचारा शेवटपर्यंत एक पाय उचलून बोलत होता.

मशीन मात्र वेगळी होती. दगडाचं मोठं चाक, खाली पाण्याची कुंडी. चाक पाण्यात बुडून सावकाश फिरायचं, त्यामुळे पातं गरम होत नव्हतं. एकच बाजू लावता यायची. दाबायची गरज नाही, चाकू नुसता टेकवून धरायचा. स्टुलावर बसून करायचं काम. आवाज म्हणाल तर मांजर झोपेत घुरघुरते तेवढा. मी मनात म्हटलं, ही मामांसाठीच बनवली आहे. मामा मात्र मशीनकडे पाठ करून बसले होते.

त्या माणसानं एक चाकू पाजवला, बाही वर केली आणि हातावरून फिरवला. हातावरचे केस साफ! भाऊरावानं टाळी वाजवली.

मामा पाठ न वळवता म्हणाले, "संत्र्याले केस असतात का?"

त्या माणसानं मग वर्तमानपत्र घेतलं. हवेत धरून त्याच्या सरसर पट्ट्या केल्या.

"पेपर त माही नातही फाडते," मामा म्हणाले.

तो माणूस जरा चिडला. "तो काका, आप लोग धार चेक कैसे करते हो?"

आता मामा वळले. "डोळा बसवाचा. एकवीस दिवस थांबाचं. पट्टी सोडाची. मंग सांगतो, धार लागली का नाई."

त्यानं विजूभाऊंकडे पाहिलं. "इक्कीस मिनट?"

"दिवस!" आम्ही सगळे एकदम म्हणालो.

तो स्टुलावर बसला. त्यानं पाणी मागितलं. पंचवीस गावं फिरलो पण असं गिऱ्हाईक पाहिलं नाही, असं हिंदीत म्हणाला. शेवटी मशीन ठेवून जायला तयार झाला. जाताना त्याला एक शंका आली. "और तब तक मेरा ट्रांसफर हो गया तो?"

मामा म्हणाले, "तुम्ही जा नं बाप्पा. मशीनचं थोडीच होऊन राहिलं ट्रान्सफर!"

*

ठरलं असं. एक ओळ भाऊरावानं मशीनवर पाजवलेल्या नव्या चाकूनं कापायची, दुसरी त्यानंच दगडावर पाजवलेल्या चाकूनं. दोन्ही ओळी पन्नास पन्नास खुंटांच्या. दोन्ही मीच बांधायच्या, म्हणजे बांधणीचा दोष नको. पट्ट्या सुटतील त्या दिवशी विजूभाऊ मशीनचं नक्की करतील, आणि त्याच दिवशी मामांनी चाकू हातात घ्यायचा, नाही तर सातशे खुंट सोडायचे. पांढुर्ण्याच्या कारागिराला बोरगावला दुसरं काम होतंच. त्यालाही तोच दिवस सांगून ठेवला.

मशीनला हळदकुंकू लावलं. शेडची किल्ली नेहमीसारखी मोटारपंपाजवळच्या खिळ्याला राहिली. आणि गावात बातमी पसरली.

दुसऱ्या दिवसापासून माणसं येऊ लागली. बायका आपापल्या पावश्या घेऊन आल्या. विळीला आम्ही पावशी म्हणतो. कोणी विळा आणला, कोणी कोयता. एक जण बैलाच्या वखराची पास घेऊन आला. दीड हात लांब लोखंडी पातं! म्हणाला, "थोडी थोडी लावा, मी धरून ठेवतो." शेवटी रिटायर झालेले एक गुरुजी आले आणि त्यांनी खिशातून नेलकटर काढलं. भाऊरावानं त्यालाही धार लावून दिली. दुसऱ्या दिवशी गुरुजी बोटाला पट्टी बांधून आले आणि म्हणाले, "उत्तम मशीन आहे!"

एवढ्या गर्दीत मामा रोज आमच्याआधी येऊन क्रेटवर बसलेले असायचे. आम्ही कामाला लागलो की प्रत्येकाच्या कलमात खोड काढायची, हा त्यांचा दिवसभराचा उद्योग. त्यांची विजार डाव्या गुडघ्यावर रोज सकाळी ओली दिसायची.

"मामा, हे काय?" मी एकदा विचारलं.

"दव," मामा म्हणाले. "बांधावर तुरी वाकल्या हायेत. त्याइचं दव लागते."

"एकाच गुडघ्याले?" भाऊरावानं विचारलं.

"तुरी डावीकडंच हायेत."

भाऊराव लगेच म्हणाला, "मंग वापस जाता जाता उजवा काऊन नाई होत?"

"तवा दव वाळलेलं असते," मामा म्हणाले. अशा माणसाला कोण हरवणार!

मला पहिल्या आठवड्यात दुसराच ताप होता. माझ्या पट्ट्या कमी व्हायच्या. संध्याकाळी कापून, मोजून टोपलीत ठेवाव्या, तर सकाळी चार-पाच कमी. विजूभाऊ म्हणाले, घरटं बांधायला मैना नेत असतील. शेडच्या आढ्यावर मैनांची एक जोडी होतीच. मी आठवडाभर त्या मैनांना शिव्या दिल्या. शेवटी पट्ट्या फडक्यात बांधून ठेवल्या. तरी कमी! म्हटलं, गाठ सोडणारी मैना सौंसर तालुक्यातच निघायची.

*

एकविसावा दिवस आला. मी सकाळी आंघोळ करून, देवाला हात जोडून आले. विजूभाऊ पट्टी सोडायला वाकले, तोच मामा म्हणाले, "हात नोका लावू. थंडी लय पडून राहिली. आठ दिवस आनखी थांबा."

विजूभाऊ थांबले. मामांचा शब्द ते मोडत नाहीत. कारागिरालाही त्यांनी आठ दिवसांनी यायला कळवलं. पण माझं डोकं फिरलं. सातशे खुंट वाट पाहून राहिलेले, आणि हे दिवस ढकलत होते. मी सगळ्यांसमोर बोलले, "मामा, थंडीचं नाव काऊन घेता? तुम्ही भिऊन राहिले."

मामांनी मान खाली घातली. ज्या माणसानं पाहुण्यांना, मालकाला, नागपूरच्या साहेबाला सोडलं नाही, तो माझ्यासमोर गप्प बसला. मला वाटलं, संपलं. मी त्या दिवशी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. अठरा वर्षांत पहिल्यांदाच असं झालं, आणि घरी जाऊन मी रडले.

*

आता तो दिवस सांगते.

पांढुर्ण्याचा कारागीर सकाळीच आला. सज्जन माणूस. सोबत त्याची बांधणारी होती. विजूभाऊंनी त्यांना शेडमध्ये बसवून चहा दिला. मामा क्रेटवर होते. डावा गुडघा ओला.

आधी दगडाची ओळ सोडली. पन्नासातले बेचाळीस डोळे हिरवे. मग मशीनची ओळ. चव्वेचाळीस! भाऊरावानं नाच करायचा तेवढा बाकी ठेवला. विजूभाऊ म्हणाले, "मशीन ठेवून घेऊ." मग त्यांनी मामांकडे पाहिलं. मामा समोरच्या जंबेरीकडे पाहत होते. विजूभाऊंनाही वाईट वाटलं असावं, कारण ते तडक शेडच्या मागे निघून गेले.

तिथे कुंपणाला लागून एक ओळ आहे. निवडीतून बाद झालेले खुंट तिथे टाकतो. वाकडे, गाठी आलेले, कोणी हात लावत नाही असे. तिकडून विजूभाऊंची हाक आली, "अरे, इकडं या सारे!"

आम्ही गेलो. बाद ओळीतल्या एकतीस खुंटांना पट्ट्या बांधलेल्या होत्या. माझ्याच पट्ट्या! आणि बांधणी अशी गबाळी की बघवत नव्हती. एक गुंडाळी वर, एक खाली, गाठीवर गाठ. मी आयुष्यात इतकी वाईट बांधणी पाहिलेली नाही.

"हे बांधलं कोनं?" मी ओरडले. "गवताचा भाराही कोनी असा बांधत नाई!"

मामा सगळ्यांच्या मागे उभे होते आणि आभाळाकडे पाहत होते.

मी खाली बसले आणि पहिली पट्टी सोडली. हिरवा. दुसरी सोडली. हिरवा. दहा झाल्या, वीस झाल्या. अशा वाकड्यातिकड्या खुंटांवर अशा सरळ चिरा, आणि त्यात डोळा असा बसलेला की जोड कुठे आहे ते बोटाला कळत नव्हतं. एकतिसावी पट्टी सोडली. एकतीसचे एकतीस!

पांढुर्ण्याचा कारागीर हातात कप घेऊनच मागे आला होता. तो वाकला, एका चिरेवरून त्यानं अंगठा फिरवला आणि विचारलं, "हा हात कोनाचा हाये?"

विजूभाऊंनी भाऊरावाकडे पाहिलं. भाऊरावानं दोन्ही हात झटकले. आणि तेवढ्यात विजूभाऊंचा फोन वाजला. नागपूरचा माणूस होता. विजूभाऊंनी सवयीनं स्पीकर चालू केला.

"नमस्कार भाईसाहब! इक्कीस दिन हो गए, ऊपर से आठ और हो गए. अब तो बताइए, धार लगी क्या?"

विजूभाऊ काही म्हणायच्या आत मामा पुढे आले आणि त्यांनी फोन आपल्या हातात घेतला.

"धार लागते," ते म्हणाले. "पन पान्याची कुंडी उजवीकडं सरकवून द्या. बसलं का सारं पानी डाव्या गुडघ्यावर येते."

मी पट्ट्यांचं बंडल कमरेला खोचलं.